जुईचा मागचा डावा पाय

घोडी व्याली त्याला वीस दिवस झाले तरी ती मागचा डावा पाय उचलू देत नव्हती.

पुढचे दोन्ही द्यायची. मागचा उजवा कुरकुरत का होईना, द्यायची. डाव्या पायावरून वरदाचा हात खाली उतरू लागला की कान मागे जायचे, पाठ आखडायची आणि नऊशे किलोचं ते धूड सगळा भार नेमका त्याच पायावर टाकून उभं राहायचं. त्याउप्पर हट्ट केला तर पाय फळीवर. तबेल्याच्या फळ्यांवर दोन ठिकाणी खुराचे अर्धचंद्र उमटले होते. तिसरा नालबंदाच्या मांडीवर उमटला. तो लंगडत गाडीपर्यंत गेला, हत्यारं आत टाकली आणि काच खाली करून म्हणाला, "उभी राहायला शिकली की फोन कर."

"शिकेल," वरदा म्हणाली.

तिची आई, उल्काताई, दारात नालबंदासाठी चहाचा मग घेऊन उभ्या होत्या. गाडी वळणाआड गेली तशी त्यांनी तो चहा कुंपणाशी ओतून टाकला.

एप्रिल अर्धा सरला होता. स्कॉटलंडातल्या लॅनार्कच्या वरच्या अंगाला, क्लाइड नदी जिथं अजून ओढ्यासारखी उथळ वाहते, तिथं वरदा आणि तिचा नवरा अंबरीश यांची तीस एकर कुरणं होती. फाटकापाशी चिखल पोटरीइतका. अंबरीश मेडनहेडच्या एका कंपनीचं काम माडीवरच्या खोलीतून करायचा आणि दुपारी लीद ओढायचा. उल्काताईंनी खालच्या गावाच्या हॉस्पिटलात बावीस वर्षं वॉर्ड सिस्टर म्हणून काढली होती. नवरा गेल्यावर त्या लेकीकडे राहायला आल्या. लेकीनं डॉक्टर व्हावं अशी घरात सर्वांची इच्छा होती. लेक अकराव्या वर्षी शेजारच्या मॅकक्रिंडल म्हाताऱ्याच्या तबेल्यात जी शिरली ती बाहेर आलीच नाही.

हे क्लाइड्सडेल घोडे या खोऱ्यातले, नांगराचे आणि ओढकामाचे. आता नांगर कुणी ओढत नाही, पण वंशावळ मात्र लोक जपतात, स्वतःच्या घराण्याची जपत नाहीत इतकी. मॅकक्रिंडलकडच्या म्हाताऱ्या घोडीची ही लेक वरदाच्या दावणीला जन्मलेली. कागदावर ज्युएल, उल्काताईंच्या तोंडी जुई. तांबूस अंग, कपाळावर पांढरा पट्टा, आणि चारी पायांना गुडघ्यापासून खुरापर्यंत पांढरीशुभ्र केसांची झालर.

ही जुई, शिंगरासकट, विकायची ठरली होती. घेणारी हेदर प्रिंगल, दक्षिणेला इंग्लंडच्या सीमेलगतच्या बॉर्डर्सकडची. तिच्याकडे बारा घोड्या. ती मॅकक्रिंडलकडे आली होती त्याच्या रक्ताची घोडी मागायला. म्हातारा म्हणाला, "माझ्याकडे उरली नाही. त्या मुलीकडे आहे. गरीब स्वभावाची आहे. मुलीचा शब्द तो माझा शब्द समज."

वरदाच्या तबेल्याच्या नावानं ही पहिलीच विक्री. इथं जनावराच्या नावाआधी तबेल्याचं नाव लागतं आणि पुढं त्याच्या लेकरांच्या कागदांतही ते राहतं. पहिलं जनावर जसं निघेल तसं तबेल्याचं नाव पडणार आणि जन्मभर चिकटणार. पाच मेला प्रिंगलचा वेट, म्हणजे जनावरांचा डॉक्टर, तपासायला येणार होता.

"मला तो पाय पाहिजे, आई," वरदा बूट काढताना म्हणाली. "फक्त तो एक पाय."

"तिची कंबर धरलीय गं. कंबर दुखत असली तर कोण पाय उचलेल?"

"आपला वेट बघून गेला ना? कंबर ओके आहे."

"त्याला काय कळतंय. तो कधी बाळंत झालाय?"

"आई, प्लीज. डोन्ट हेल्प."

उल्काताईंना घोड्यांतलं कळत नव्हतं. बाळंतिणीतलं कळत होतं. घोडीचे डोळे ओढलेले, कुशीत खड्डे पडलेले, शिंगरू दिवसभर कासेला झोंबतंय आणि हिच्यापुढं काय, तर सुकं गवत आणि पोत्यातली चंदी. लेकीच्या बाळंतपणाचा योग आला नव्हता, त्याचं सामान मात्र कपाटात होतं. खारीक होती, सुकं खोबरं होतं, गूळ होता. नणंद शशी दर दिवाळीला वेम्बलीहून, ईलिंग रोडवरून, किलोकिलोनं खसखस पाठवायची. ती कधी संपत नसे.

त्यांनी लाडू केले. ओटच्या पिठात खारीक-खोबरं कुटून घातलं, गुळाचा पाक केला. खसखस बाईमाणसाला चमचाभर घालतात; ही तेरा बायकांच्या वजनाची. उल्काताईंनी तो हिशेब केला आणि दिवसाला दोन वाट्या धरल्या. भाजायला घेतली तर स्मोक अलार्म बोंबलायला लागला, म्हणून कच्चीच कुटली.

हातातून खाऊ द्यायचा नाही, घोडी चावरी होते, असा वरदाचा नियम होता. एका गाजरावरून त्यांनी बोलणी खाल्ली होती. म्हणून सकाळी अकराला वरदा लांबच्या कुरणावर गेली की उल्काताई जॅकेटच्या खिशातून लाडू नेत, आणि परत चारला. पहिल्या दिवशी जुईनं नुसतं हुंगलं. मग तिचा जाड, मऊ ओठ तळहातावर फिरला, मिशांची गुदगुली झाली, आणि लाडू गेला. दुसऱ्या दिवशी ती दारात मान बाहेर काढून उभी होती.

"खा बाई," उल्काताई म्हणाल्या. "तुझी आई असती तर तिनं केलं असतं."

इकडे वरदाचे कष्ट चालूच होते. सकाळ-संध्याकाळ खरारा, मग हात पाठीवर, मांडीवर, खाली. घोडी आखडली की थांबायचं. सैल पडली की हात काढून घ्यायचा. एकेक तास. कमरेचा काटा ढिला झाल्यासारखी वरदा वाकून चालायची. पाचव्या दिवशी ती चिखलाच्या बुटांनीच स्वयंपाकघरात आली.

"आई! ती पाय दिली! मागचा डावा! मी धरून उभी राहिले, आणि ती झोपल्यासारखी… आई, ती मला ट्रस्ट करते!"

"बघ, मी म्हटलं नव्हतं?" उल्काताई म्हणाल्या, आणि हसू लपवायला ओट्याकडे वळल्या. गुण लाडवाचा आहे हे त्या मनात जाणून होत्या. पण लेकीला वाटतंय तर वाटू दे. आपल्याला कुठं बक्षीस घ्यायचंय!

पाच मेला घरातली तिन्ही माणसं उजाडल्यापासून घोडीच्या पायांत होती. कोमट पाणी, साबण, पुन्हा पाणी. मग लाकडाचा बारीक भुसा मूठमूठ झालरीत चोळायचा. तो ओल शोषून घेतो, आणि झाडला की केस कापसासारखे फुलतात. अंबरीशच्या नाकात भुसा जाऊन त्याला एकामागून एक शिंका आल्या.

"आई, माझ्या लग्नात माझी एवढी आंघोळ झाली नव्हती हो," तो म्हणाला.

"दिसत होतंच ते," उल्काताई म्हणाल्या.

लोक येणार, बिचारी बुजेल, म्हणून त्या दिवशी त्यांनी एक लाडू जास्तीचा दिला.

प्रिंगल बुटकी, रुंद खांद्यांची बाई होती. कुणाच्या तोंडाकडे न बघता ती घोडीच्या पायांकडे बघायची. मॅकक्रिंडल काठीवर दोन्ही हात ठेवून फाटकाशी उभा राहिला. वेटनं घोडी चालवली, पळवली, छातीला नळी लावली, चारी पाय एकेक करून उचलले. डावा मागचा त्यानं धरून ठेवला, टोकरला, आणि घोडी डोळे अर्धे मिटून उभी. शेवटी त्यानं मानेतून दोन नळ्या रक्त काढलं. प्रिंगलची रीतच होती, रक्त तपासल्याखेरीज ती जनावर हलवत नसे. निघताना तिनं वरदाच्या तळव्यावर तळवा मारला. सौदा झाला, असा त्याचा अर्थ.

"मेंढरासारखी गरीब आहे," ती मॅकक्रिंडलला म्हणाली.

"सांगितलं होतं," म्हातारा म्हणाला.

चार दिवसांनी, शुक्रवारी सकाळी, फोन आला. वरदा अंगणात उभी राहून ऐकत होती. फोन खिशात ठेवून ती परत लिदीचा चाकगाडा ढकलू लागली, आणि उकिरड्यावर न ओतता तशीच उकिरड्याच्या पुढं निघून गेली.

रक्तात मॉर्फिन निघालं होतं.

दुपारपर्यंत ते खोऱ्यात सगळीकडे झालं. दाणागोट्याच्या दुकानात अंबरीश पोती घ्यायला गेला तर काउंटरवरचा माणूस म्हणाला, "घोडीसाठी का? की नर्सबाईंकडून सोय आहे?" मागं दोघं हसले. अंबरीशनं पोती उचलली आणि घरी येऊन ते सांगितलं नाही. सांगितलं नाही म्हणून उल्काताईंना कळलंच.

मॅकक्रिंडल चालत आला. एरवी तो न विचारता खुर्ची ओढायचा. आज उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. कंबर मोडली तेव्हा तो त्यांच्या वॉर्डात होता. तेव्हापासून तो त्यांना सिस्टरच म्हणे.

"सिस्टर, मी एकदाच विचारणार. घरात तसलं काही आहे?"

"नाही."

"मी त्या बाईला माझा शब्द दिला होता."

"ठाऊक आहे मला."

"बरं," तो म्हणाला. टोपी त्यानं काढलीच नव्हती, ती नुसती चाचपली, आणि गेला.

वरदा टेबलाशी बसली होती. नखांत भुसा. ती आईकडे न बघता म्हणाली, "आई, बाबांचं काही राहिलं होतं का? शेवटचं? ती बाटली?"

उल्काताईंना ते लागलं. बावीस वर्षं वॉर्डातल्या मॉर्फिनच्या कपाटाची किल्ली त्यांच्या खिशाला पिनेनं लावलेली असे. एक गोळी इकडची तिकडे झाली नव्हती.

"तुझ्या बाबांची उरलेली बाटली मी दुसऱ्या दिवशी फार्मसीत परत केली. फार्मसीवाल्यांची सही घेऊन. कागद दाखवू?"

"मी असं नाही म्हणत…"

"तसंच म्हणतेयस."

अंबरीश फोनवर लॅबचा रिपोर्ट खाली-वर सरकवत होता. मधलं भांडण ऐकू न आल्यासारखं करून तो वाचू लागला. "प्रमाण लो आहे, पण क्लिअर. मग इथं खाली म्हणतात, चाऱ्यात अफूच्या झाडाचा अंश, बी वगैरे मिसळलं तरी असं येऊ शकतं. पॉपी." तो थांबला. "इथं कुठली आली पॉपी? नोव्हेंबरात युद्धात पडलेल्यांसाठी लोक कागदाची कोटाला लावतात, तेवढीच."

उल्काताई भांडी विसळत होत्या. हात पाण्यातच राहिले.

मग त्यांनी हात पुसले. फडताळातून काचेची बरणी काढली आणि टेबलावर लेकीसमोर ठेवली. बरणी अर्ध्याच्या खाली गेली होती.

"खसखस," त्या म्हणाल्या. "अफूचंच बी. मी घातलं तिला. लाडवातून, रोज दोन वाट्या. पाच तारखेला तीन लाडू."

अंबरीशनं बरणी उचलून बघितली आणि जपून परत ठेवली.

"बाळंतिणीला देतात गं. झोप लागते, कंबर सुटते. मी… एवढी वर्षं ती किल्ली सांभाळली आणि माझ्या डोक्यात हे आलं नाही."

वरदा ओरडेल असं त्यांना वाटलं होतं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"केव्हापासून?" तिनं विचारलं.

"नालबंद गेला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

वरदानं बोटांवर मोजलं. "म्हणजे तो पाय," ती म्हणाली. "तो पाय ती मला नाही दिली."

ती उठून बाहेर गेली. बूट न घालता, मोज्यांनी.

बरणी जॅकेटात घालून उल्काताई मैलभर चालत मॅकक्रिंडलकडे गेल्या. भुरभुर पाऊस होता. म्हातारा पडवीत घोड्याच्या तोंडाच्या कातडी म्होरकीला तेल लावत बसला होता. त्यांनी सगळं सांगितलं. त्यानं बोट ओलं करून बरणीत बुडवलं, चाखलं.

"हे पावावर असतं."

"हो."

"आणि दिलंत किती?"

"दोन वाट्या. रोज."

म्हाताऱ्याचे खांदे हलले. तो हसतोय की खोकतोय हे आधी कळेना. हसत होता. मग थांबला.

"माझे आजोबा घोड्यांना सोमल द्यायचे, विषच ते, पण चिमटीनं. कातडी चकाकते. एका प्रदर्शनात पहिलं बक्षीस घेतलं आणि नंतर कुणीतरी बोललं. नव्वद वर्षं झाली, सिस्टर. खालच्या दुकानात अजून मला विचारतात, म्हाताऱ्या, आज चिमूटभर घातलीस का."

"म्हणूनच आले."

"मला सांगून उपयोग नाही. प्रिंगलला सांगा. मुलीला सांगायला लावू नका. आणि हे लक्षात ठेवा, घोडी त्या दिवशी नशेतच होती. कारण काही असो. गरीब आहे की नाही, ते अजून कुणी पाहिलेलं नाही."

उल्काताईंनी त्याच्याच फोनवरून प्रिंगलला फोन लावला. वॉर्डात हाताखाली झालेली चूक वरच्या डॉक्टरला सांगावी तसं, क्रमानं सांगितलं.

"पण का?" प्रिंगलनं विचारलं.

"ती बाळंतीण होती."

"माझ्याकडं अशा बारा आहेत, बाई. त्यांना मी गवत घालते." मग कागद चाळल्याचा आवाज. "तेवीस तारखेला येते. नालबंद माझा आणीन. चारी खूर माझ्यासमोर कानसायचे. रक्त पुन्हा. तोवर तुम्ही त्या घोडीजवळ जायचं नाही. त्या दिवशी तर नजरेलासुद्धा पडायचं नाही. तुमचा खिसा दिसला की ती शहाणी होईल."

"बरं," उल्काताई म्हणाल्या.

लाडू थांबले. तिसऱ्या दिवशी मागचा डावा पाय फळीवर गेला. चौथ्या दिवशी वरदाच्या कोपराखाली.

उल्काताईंना ते सगळं खिडकीतून दिसायचं. अकराला जुई मान बाहेर काढून घराकडं बघत उभी राहायची, चारलाही. त्या पडदा ओढून घ्यायच्या. वरदा काठीला जुना हातमोजा बांधून त्यानं घोडीचा पाय वरून खाली खाजवायची. पाय झाडला तरी काठी काढायची नाही, थांबला की काढायची. मोजा झाला, मग उलटा हात, मग तळवा. दिवसाचे चार-चार तास. कुणाशी बोलणं नाही. लांबच्या कुरणावरच्या घोड्यांचं सगळं अंबरीशवर पडलं. मीटिंगमध्ये बसताना तो वरती शर्ट घालायचा आणि खाली चिखलाची पँट तशीच.

आठव्या दिवशी वरदा जेवताना बाही वर सारून म्हणाली, "बघ."

कोपरापासून मनगटापर्यंत काळंनिळं झालं होतं. उल्काताईंनी फ्रीजरमधून मटारची पिशवी काढली, टॉवेलात गुंडाळली आणि हातावर धरली. बोटांनी हाड चाचपलं. मोडलेलं नव्हतं.

"उचलते का?"

"कधी हो, कधी नाही." वरदा पिशवीकडं बघत होती. "आता मला कळते की ती हो म्हणते, तेव्हा तीच म्हणते. दुसरं कोणी नाही."

उल्काताईंनी पिशवीची बाजू बदलली.

तेवीसला उघडीप होती. गाड्यांचा आवाज आला तशा उल्काताई मागच्या दारानं निघून गवताच्या कोठाराआड जाऊन उभ्या राहिल्या. मध्ये पत्र्याची भिंत. दिसत काहीच नव्हतं. ऐकू सगळं येत होतं. लोखंडी पेटी फरशीवर ठेवली. प्रिंगलचा आवाज, मॅकक्रिंडलचं खोकणं. नवा नालबंद हलक्या आवाजात शीळ घालत होता. रक्त आधी काढलं असावं, कारण वेट म्हणाला, "झालं, आता तुमचं."

कानस सुरू झाली. खर्र, खर्र, खर्र. पुढचा एक. थांबली, पुन्हा सुरू. पुढचा दुसरा. मग मागचा उजवा. त्याला वेळ लागला, मधेच नालबंद शीळ सोडून काहीतरी बोलला, पण झाला.

मग काही नाही.

मग फळीवर धाडकन. शिंगरू किंचाळलं. कुणीतरी मागं सरकल्याचे बूट वाजले.

"मी धरते," वरदाचा आवाज. "तुम्ही फक्त कानस चालवा."

"मुली, तुझा हात बघ आधी," नालबंद म्हणाला.

"हात ठीक आहे."

पुन्हा धाडकन, पण आता फळीवर नाही, फरशीवर. उल्काताईंनी पत्र्याला तळहात लावला. पत्रा थंड होता. घोडीचा श्वास ऐकू येत होता, भात्यासारखा, आणि तो लांबत लांबत सावकाश झाला. तेवढा वेळ कुणी हललं नाही. एक चिमणी कोठाराच्या तुळईवर येऊन बसली आणि गेली.

खर्र.

थांबली.

खर्र, खर्र. मग सलग. बोटं मनगटावर ठेवून नाडी मोजावी तशा उल्काताई मोजू लागल्या. एकोणचाळीसपर्यंत गेल्या. कानस थांबली आणि पाय खाली आला. आपटला नाही. ठेवला.

"अवघड आहे," प्रिंगलचा आवाज आला. "पण खोटी नाही. रक्ताचं आलं की गुरुवारी ट्रक पाठवते. तुझ्या तबेल्याचं नाव कागदावर कसं लिहितात ते मला नीट लिहून दे."

पेटी आवरल्याचा खडखडाट झाला. मग पावलं कोठाराकडं आली, भरभर, आणि कोपऱ्यावरून वरदा वळली. तिनं आईला पाहिलं नाही. दहा हातांवर ती भिंतीला पाठ टेकून उभी राहिली, मग खाली खाली घसरत चिखलात बसली आणि दुखरा हात पोटाशी धरून हुंदके देऊ लागली. केसांत कानसलेल्या खुराचा पांढरा चुरा होता. चेहरा हसत होता की रडत होता, बाजूनं कळत नव्हतं.

उल्काताईंचं एक पाऊल पुढं पडलं. त्यांनी ते मागं घेतलं. दोन्ही हात जॅकेटच्या रिकाम्या खिशांत घातले, मुठी आवळल्या, आणि लेक आपणहून वर बघेपर्यंत जागच्या हलल्या नाहीत.